अंगावरून जातं, मनावर राहतं

(दहिसर पूर्व येथे महिलांच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या कार्यक्रमाचा फलक लागल्यावर आयोजकांना दोन-तीन फोन आले म्हणे. 'महिलांचं आरोग्य' एवढंच लिहा, मधला 'लैंगिक' हा शब्द काढा. त्यांनी काढला नाही, म्हणून आधी त्यांचे आभार मानते. कारण शब्द काढला की विषयही निघून जातो. मग आपण हिमोग्लोबिन, पालेभाजी आणि गूळ-शेंगदाणे यांवर तासभर बोलतो, टाळ्या होतात, आणि जिला खरं काही विचारायचं होतं ती तशीच घरी जाते. (पालेभाजी खाच. तिच्याशी माझं भांडण नाही.)

केतकीपाडा, रावळपाडा, पलीकडे गणपत पाटील नगर, कुठंही बायकांच्या बैठकीला बसले की सुरुवात ठरलेली असते. कंबर दुखते. पाय ओढतात. चक्कर येते. कमजोरी आहे. टेन्शन आहे. मग जरा वेळाने, बाकीच्या चहा घ्यायला उठल्या की, एखादी जवळ सरकते आणि हळूच म्हणते, "आपा, सफेद पानी जाता है." मराठी बोलणारी असेल तर म्हणते, "अंगावरून पांढरं जातंय." पहिल्याच भेटीत 'मला संबंध नकोसे वाटतात' असं कोणी सांगत नाही. 'दुखतं', 'भीती वाटते', 'तो ऐकत नाही' हेही कोणी सांगत नाही. ते दार बंद असतं. पांढरं जाण्याचं दार तेवढं किलकिलं असतं, आणि पुष्कळ गोष्टी त्यातूनच बाहेर येतात. आज मी त्या दाराबद्दलच बोलणार आहे.

आधी साधी माहिती. योनीतून थोडा पांढरट किंवा पारदर्शक स्राव जाणं हे निरोगी शरीराचं काम आहे, जसं तोंडात लाळ येते तसं. पाळीच्या साधारण मधल्या दिवसांत तो वाढतो, गरोदरपणात वाढतो. 'हाडं झिजून पांढरं जातं' असं आपल्या आयांनी, सासवांनी सांगितलेलं असतं. ते खरं नाही. हाडं विरघळत नाहीत, ताकदही वाहून जात नाही. पण स्राव दह्यासारखा घट्ट असेल आणि खाज असेल, मासळीसारखा वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा झाला असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर जंतुसंसर्ग असू शकतो. संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं असेल, तर एक दिवसही थांबू नका, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या.

आता दोन अभ्यास सांगते. दोन्ही आपल्या भागातले आहेत, आणि वरवर पाहिलं तर एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला गडचिरोलीचा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्याच बायका घेतल्या नाहीत. तक्रार असो-नसो, गावातल्या सगळ्यांना बोलावलं. १९८९ साली तो अभ्यास 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी त्रास निघाला. सरासरी काढली तर प्रत्येकीला तीनहून अधिक. आणि याआधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच सरकारी कागदावर असायचं. या अभ्यासाने जगाला सांगितलं की बायका गप्प आहेत याचा अर्थ त्या बऱ्या आहेत असा होत नाही.

दुसरा गोव्याचा. बार्देश तालुक्यात आल्दोना (हळदोणे) आहे, तिथल्या आरोग्य केंद्राच्या परिसरात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. शंभरातल्या चौदा-पंधरा जणींनी पांढरं जाण्याची तक्रार सांगितली. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या तपासण्याही झाल्या. २००५ साली निष्कर्ष छापून आले. या तक्रारीचं नातं जंतूंशी फार थोडं निघालं. त्याहून कितीतरी घट्ट नातं निघालं उदासीशी, चिंतेशी, कारण न सापडणाऱ्या अंगदुखीशी. त्याच अभ्यासात हेही दिसलं की नवऱ्याची लैंगिक जबरदस्ती, घरात स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची मुभा नसणं, अडीअडचणीला माहेरचा-सासरचा आधार नसणं, या गोष्टी असलेल्या बायकांत नैराश्य जास्त होतं.

म्हणजे गडचिरोली म्हणते, न बोलणाऱ्या बाईलाही आजार असतो, तिला तपासा. गोवा म्हणतो, बोलणाऱ्या बाईचा आजार कदाचित तिथे नाहीच जिथे ती बोट दाखवते, तिचं ऐका. मला दोन्ही खरं वाटतं, रोज दोन्ही दिसतं. पण आपल्याकडे बहुधा काय होतं? तपासणीही होत नाही आणि ऐकणंही होत नाही. बाई म्हणते पांढरं जातं, समोरून गोळ्यांचं पाकीट येतं. पंधरा दिवस बरं वाटतं, पुन्हा सुरू. पुन्हा पाकीट. मग दवाखाना बदलायचा, मग हकीम, मग कोणीतरी सांगितलेला बाबा. जिला खरोखर संसर्ग आहे तिच्या नवऱ्याला औषध दिलं जात नाही, म्हणून तो परत परत होतो. जिला संसर्ग नाही ती उगाच प्रतिजैविकं खाते, आणि जे मनात आहे ते तसंच राहतं.

आणि हे वाईटात वाईट कुठे जाऊन पोहोचतं तेही ऐका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी २०१९ साली आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. त्यांतल्या कितीतरी जणी विशी-तिशीतल्या. फडावर संडास नाही, पाणी नाही, पाळीत आडोसा नाही, एक खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. अशा बाईचं अंगावरून जातं, पोट दुखतं. ती दवाखान्यात गेली की कोणी सांगतं, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. तीही म्हणते, काढा, पाळीची कटकट तरी जाईल. उसाचा कोयता, उचल, दंड, संडास नसणं, हे सगळं त्या पिशवीवर येऊन आदळतं. 'सामाजिक घटक' असा जो कोरडा शब्द आपण अहवालात वाचतो, त्याचा अर्थ हा.

आपण मुंबईत आहोत म्हणून ही गोष्ट लांबची समजू नका. आपल्याकडे ऊस नाही, खोली आहे. दहा बाय बाराची. त्यात नवरा-बायको, तीन मुलं, सासू, कधी गावाहून आलेला दीर. पोटमाळा असला तर नशीब. या खोलीत लाइट बंद झाल्यावर जे होतं ते आवाज न करता, घाईत, एक कान सासूच्या खोकल्याकडे ठेवून होतं. बाईचं शरीर तयार व्हायला वेळ लागतो, मन मोकळं असावं लागतं. हा निसर्ग आहे, नखरा नाही. तो वेळ मिळाला नाही की कोरडेपणा राहतो, दुखतं. एकदा दुखलं की दुसऱ्या वेळी आधीच भीती वाटते, भीतीने स्नायू आवळतात, आवळले की जास्त दुखतं. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि त्याला नाव मिळतं 'बायको थंड आहे'. रात्री सार्वजनिक संडासाला जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका इथे किती आहेत, हात वर करायला सांगत नाही. पण लघवीची जळजळ वारंवार होण्याचं ते एक मोठं कारण आहे, आणि जळजळ असताना कोणाला जवळीक हवीशी वाटेल?

काही मुलींना लग्नानंतर संबंध जमतच नाहीत. आत काही जाऊ लागलं की योनीमार्गाचे स्नायू आपोआप मिटतात. ती मुद्दाम करत नाही, पापणी मिटावी तसं होतं. घरचे म्हणतात साया आहे, नजर लागली, दुसरीकडे मन आहे. दोन-तीन वर्षं जातात, मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू होतात आणि खरी गोष्ट कोणी सांगतच नाही. याला उपचार आहे, आणि बहुतेकींना गुण येतो. समजावणं, श्वासाचे आणि स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, हळूहळू सवय करणं, नवऱ्याला सोबत बसवून बोलणं. घाई आणि जबरदस्ती सोडून सगळं चालतं. यामागे कधी लहानपणीचा अत्याचार असतो, कधी काहीच मोठं नसतं, फक्त 'तिथे हात लावायचा नाही, ती घाण जागा' एवढंच पंधरा वर्षं ऐकलेलं असतं.

आपल्या मुंबईतच दाऊदी बोहरा समाजात सात-आठ वर्षांच्या मुलींचा खफ्ज करण्याची प्रथा आहे. त्या समाजातल्या बायकांनीच पुढे येऊन त्याबद्दल बोलायला सुरुवात केली, २०१५ साली 'सहियो' ही संस्था काढली. 'आपल्या जमातीची बाब बाहेर का सांगता' हे त्यांनाही ऐकावं लागलं. त्या धाडसी बायका आहेत, एवढंच आज म्हणते, कारण तो विषय स्वतंत्र सभेचा आहे.

आता नकाराबद्दल. आपल्या बैठकांत मी विचारते, 'नको असेल तेव्हा नको म्हणता येतं का?' तर आधी हसू येतं, मग शांतता. आपल्या घरांत या शांततेला आणखी एक पदर होता, तलाकचा. रागाच्या भरात तीन शब्द उच्चारले तर रात्रीतून छप्पर जाईल, ही भीती उशाशी घेऊन झोपणारी बाई 'नको' कशी म्हणणार? शायरा बानोचा खटला तुम्हाला माहीत आहे, २२ ऑगस्ट २०१७ला निकाल लागला. तलाकवर देशभर चर्चा झाली. पण तीच शायरा बानो सांगत होती की तिला पुन्हा पुन्हा गर्भपात करायला भाग पाडलं गेलं. त्यावर किती जण बोलले? तलाकच्या कागदावर वाद घालायला सगळे आले, तिच्या शरीराचं काय झालं ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही.

कायदा काय म्हणतो तेही सरळ सांगते. पत्नी १८ वर्षांच्या वर असेल तर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या भारतीय न्याय संहितेतही बलात्कार धरली जात नाही. जुनाच अपवाद नव्या पुस्तकात आला आहे. पण २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ ही हिंसाच आहे, त्याखाली संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गर्भपाताच्या कायद्यापुरता 'बलात्कार' या शब्दात नवऱ्याने केलेली जबरदस्तीही येते. हेही लक्षात ठेवा: गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही मागतात, पण कायदा मागत नाही.

धर्माचं काय, हा प्रश्न चिठ्ठीत येणारच, म्हणून आधीच बोलते. कितीतरी बायका मला सांगतात की पांढरं जातं म्हणून नमाज सुटते, आपण नापाक आहोत असं सारखं वाटतं, दिवसातून दोनदा गुसल करतात, साबणाने आतून धुतात. आतून धुवू नका, त्यानेच संसर्ग वाढतो. आणि रोजच्या पांढऱ्या स्रावाने गुसल वाजिब होत नाही, हे कुठलीही जाणकार आलिमा सांगेल. सतत जात असेल तर त्यासाठीही सवलत आहे. फातिमा बिन्त अबी हुबैश या बाईंनी थेट पैगंबरांना विचारलं होतं की माझं रक्त थांबतच नाही, नमाज सोडू का? उत्तर मिळालं की हे पाळीचं रक्त नाही, शिरेचं आहे, नमाज पढ. उम्मे सुलैम यांनी तर बाईला स्वप्नात होतं त्याबद्दल विचारलं, आणि विचारण्याआधी म्हणाल्या की अल्लाह सत्य सांगायला लाजत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेत जे उघड विचारलं गेलं, ते आज दहिसरमध्ये विचारायचं तर फलकावरचा शब्द काढा म्हणतात.

आणखी एक. पत्नीने नकार देऊ नये, या अर्थाची एक हदीस आपल्या भावांना पाठ असते. पण हनफींसह बहुतेक फुकहांनी असंही सांगितलं आहे की नवऱ्याने वीर्य बाहेर सोडायचं, म्हणजे अझल करायचं, तर पत्नीची संमती हवी. कारण मूल आणि सुख, दोन्हींत तिचाही हक्क आहे. सुख हा शब्द मी घुसवलेला नाही, जुन्या किताबांत आहे. तो मात्र फारसा कोणाला पाठ नसतो.

मागे उभे असलेल्या पुरुषांना दोन शब्द. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांत शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ३७.९ टक्के आहेत. पुरुष नसबंदीवर अवलंबून असलेली जोडपी ०.३ टक्के. गोळी तिची, तांबी तिची, ऑपरेशन तिचं, आणि 'पूर्वीसारखी राहिली नाही' ही तक्रारही तिच्याबद्दल. बाळंतपणानंतर, अंगावर पाजत असताना, पाळी जाण्याच्या वयात कोरडेपणा येतो, इच्छा कमी होते. नैराश्यात होते. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही होते. तसं झालं तर गोळी मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, औषध बदलता येतं. तुम्ही रिक्षा चालवून, नाइट शिफ्ट करून दमून येता, तुमच्याही मनावर ताण असतो, हे मला मान्य आहे. पण तो ताण उतरवण्याची जागा म्हणून तिचं शरीर वापरलं की तिचा ताण कुठे जाणार? तोच उद्या कंबरदुखी होऊन माझ्यासमोर बसतो.

कुठे जायचं? महापालिकेच्या दवाखान्यात तपासणी मागा, 'तपासा' असं तोंडाने म्हणा. तपासणीच्या वेळी सोबत बाई असावी हे मागणं तुमचा हक्क आहे. घरात मारहाण किंवा जबरदस्ती असेल तर 'दिलासा' केंद्र विचारा. २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून ते सुरू केलं, नंतर पालिकेच्या इतर रुग्णालयांतही झालं. ते रुग्णालयातच आहे, त्यामुळे घरी 'कंबर दाखवायला गेले होते' म्हणता येतं. मनावर फार येत असेल तर टेलिमानसचा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत आणि हिंदीत बोलता येतं. महिलांसाठी १८१.

मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ला 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी दंड झालाच. कर्व्यांनी दंड भरला आणि मासिक पुढे १९५३पर्यंत, मरेपर्यंत, चालवलं. आता आपल्याकडे प्रश्नांवर दंड नाही. तिथे कोपऱ्यात रिकामा बिस्किटाचा डबा ठेवलाय, कागद-पेन ठेवलेत. प्रश्न लिहा, नाव लिहू नका. लिहिता येत नसेल तर आमच्या दोन मुली आहेत, त्यांच्या कानात सांगा, त्या लिहितील आणि विसरतील. आतल्या खोलीत डॉक्टरबाई बसल्यात, पडदा लावलाय, ज्यांना तपासून घ्यायचंय त्यांनी एकेक करून जा. भावांनी तोवर बाहेर चहा घ्यावा. लहान मुलं तुमच्याकडेच ठेवा.